मेलेला मासा सरळ कसा पोहतो

अमेरिकेत फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर, पाम बीच आणि स्टुअर्ट या गावांच्या आसपास, गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह किनाऱ्याच्या इतक्या जवळून वाहतो की बंदरातून निघालेली बोट थोड्याच वेळात खोल निळ्या पाण्यात पोहोचते. हिवाळ्यात तेथे सेलफिश, म्हणजे पाठीवर शिडासारखा उंच पर आणि भाल्यासारखा लांब वरचा जबडा असलेला मासा, मोठ्या संख्येने येतो आणि त्याच्या मागोमाग गरवण्याची हौस असलेले लोकही येतात. अशा एखाद्या बोटीच्या धक्क्यावर पहाटे चार वाजता गेलात तर कप्तान अजून आलेला नसतो, इंजिन थंड असते, पण मागच्या डेकवर दिव्याखाली एक तरुण मदतनीस मान खाली घालून बसलेला दिसतो. त्याच्या एका बाजूला वीतभर लांबीच्या चंदेरी माशांचा ट्रे असतो, दुसऱ्या बाजूला गळ, तांब्याची बारीक तार आणि शिशाच्या गोळ्या असतात, आणि हात न थांबवता तो एकामागून एक तीस-चाळीस मासे आमिष म्हणून गळाला बांधून ठेवत असतो. दिवस कसा जाणार हे बऱ्याच अंशी या दोन तासांत ठरते.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे कोकणात ‘ट्रॉलर’ म्हटले की समुद्राच्या तळावरून जाळे ओढत नेणारी मोठी नौका डोळ्यांपुढे येते. येथे विषय आहे तो ‘ट्रोलिंग’चा. त्यात जाळे नसते; बोट संथ, एकसारख्या वेगाने चालत राहते आणि तिच्या मागे वेगवेगळ्या अंतरांवर सोडलेल्या चार-सहा दोऱ्यांच्या टोकांना गळ आणि आमिष असते. समाजमाध्यमांवरचे ‘ट्रोल करणे’ याच शब्दावरून आले असे अनेकदा सांगितले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण तेथेही आमिष सोडून कोण चावतो याची वाट पाहिली जाते.

ट्रोलिंगसाठी प्लास्टिकची आणि रबराची रंगीत आमिषे मिळतात आणि ती खूप चालतात. त्यांना सडण्याची भीती नसते, बोट वेगाने नेता येते आणि तयारी काहीच लागत नाही. असे असूनही सेलफिश किंवा त्याचाच भाऊबंद असलेल्या व्हाइट मार्लिनच्या मागे जाणारे लोक खरा मासा बांधण्याचा खटाटोप करतात, याचे कारण या माशांच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. ते पुष्कळदा भक्ष्यावर आधी आपल्या सोंडेसारख्या जबड्याने फटका मारतात, मग वळून ते तोंडात घेतात. आमिष टणक आणि बेचव असेल तर ते लगेच थुंकून टाकतात. मऊ, वासाचा, खरा मासा असेल तर क्षण-दोन क्षण अधिक तोंडात धरतात. गळ बसायला तेवढे क्षण पुरतात.

अडचण एवढीच की खरा मासा मेलेला असतो. जिवंत मासा शेपटी हलवून, पर पसरून, क्षणोक्षणी आपला तोल सावरत असतो. मेलेल्या माशाला दोरीला बांधून ओढले तर तोल सावरणारे कोणी राहत नाही. ज्याने लहानपणी पतंगाची कन्नी बांधली असेल त्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कन्नी जराशी एका बाजूला सरकली की पतंग त्या बाजूला कलतो आणि वारा वाढला की गिरक्या घेऊ लागतो; पतंगाचा कागद कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. आमिषाचेही तेच आहे. ओढ नेमकी नाकाच्या टोकावर, मध्यरेषेवर आली पाहिजे, शरीर दोन्ही बाजूंनी सारखे असले पाहिजे, आणि गळाने त्या ओढीत ढवळाढवळ करता कामा नये. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर जोर सुमारे चौपट होतो. त्यामुळे चार सागरी मैलांच्या वेगाला ज्या मिलिमीटरभर चुकीचा पत्ता लागत नाही, तीच चूक सात मैलांच्या वेगाला आमिषाला भिंगरी बनवते. गोल फिरणाऱ्या माशाकडे शिकारी मासे सहसा संशयाने पाहतात, आणि वर मागची सगळी नायलॉनची दोरी, कोकणातले तंगूस, पिळवटून निकामी होते ते वेगळेच.

या कामासाठी अटलांटिकच्या अमेरिकी बाजूला सर्वांत अधिक वापरला जाणारा मासा म्हणजे बॅलीहू. अंगाने सडपातळ, पाठ निळसर-हिरवी, पोट चंदेरी, वरचा जबडा आखूड आणि खालचा मात्र चोचीसारखा लांब, टोकाशी केशरी-लाल. आपल्याकडे टोळ म्हणतात तो मासा याचा दूरचा भाऊबंद, पण टोळाचे दोन्ही जबडे लांब असतात आणि बॅलीहूचा फक्त खालचा. ही खालची चोच पाहिली की निसर्गाने हा मासा ट्रोलिंगसाठीच घडवला असावा असे वाटते, कारण ओढ बांधायला शरीराच्या ऐन मध्यरेषेवर आयती काठी मिळते. फ्लोरिडा कीज या बेटांच्या परिसरात बॅलीहू जाळ्याने पकडतात, आकारानुसार निवडतात आणि गोठवून, बहुधा डझनाच्या हिशेबाने, पाकिटांतून विकतात. सेलफिशसाठी लहान, माही-माही नावाच्या माशासाठी मध्यम आणि मोठ्या मार्लिनसाठी सर्वांत मोठे, अशी साधारण वाटणी असते.

पाकीट निवडताना बाजारात मासळी घेणाऱ्या बाईचा डोळा हवा. डोळे स्वच्छ असावेत, लाल किंवा पांढुरके नकोत. पोट घट्ट आणि चंदेरी असावे. तपकिरी किंवा फाटलेले पोट म्हणजे मासा गोठवण्याआधीच उन्हात राहिलेला असतो आणि तो पाण्यात अर्धा तासही टिकत नाही. अंगावर खवले शाबूत असावेत. पाकिटात बर्फाचे स्फटिक साचले असतील आणि कातडी पिवळी पडून सुकली असेल तर ते मासे फ्रीझरमध्ये फार दिवस पडून राहिले आहेत. माझ्या मते येथे पैसे वाचवण्यासारखी दुसरी वाईट काटकसर नाही, कारण पुढची सगळी कारागिरी खराब मांसावर वाया जाते.

गोठलेला मासा कसा सोडवायचा यात नवशिके हमखास चुकतात, आणि मीही चुकलो होतो: घाईघाईत पाकीट नळाखाली धरले आणि तासाभरात हाती पांढरट, फुगलेले, लिबलिबीत मासे आले. कारण साधे आहे. माशाच्या पेशींत क्षार असतात. गोड्या पाण्यात बुडवले की बाहेरचे पाणी आत शिरते, मांस फुगते, कातडी सैल होते आणि चमक जाते. म्हणून मासे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू सोडवावेत, किंवा समुद्राच्या थंड पाण्यात सोडवावेत, पण गोड्या पाण्यात नव्हे.

याच्या उलट प्रक्रिया म्हणजे खारवणे. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवले की तिला पाणी सुटते आणि फोड चिवट होते, तेच येथे घडवून आणायचे असते. समुद्राच्या पाण्यात मुळात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात जाडे मीठ मुठीमुठीने घालून आणि भरपूर बर्फ टाकून दाट, गार खारे पाणी करतात आणि मासे त्यात बुडवून ठेवतात. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ का घालतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला या पाण्याचा दुसरा गुणही कळेल: मिठामुळे ते शून्य अंशाच्याही खाली जाते, त्यामुळे मासे नुसत्या बर्फापेक्षा अधिक गार राहतात. अनेक जण यात थोडा खाण्याचा सोडा घालतात. त्याने पाठीचा निळा-हिरवा रंग आणि पोटाची चमक टिकते असा जुन्या लोकांचा अनुभव आहे. मात्र आपल्याला खारा बांगडा करायचा नाही, हे विसरता कामा नये. मीठ जास्त मुरले की मासा काठीसारखा ताठ होतो आणि ताठ मासा पोहत नाही. बोटाने दाबल्यावर मांस घट्ट लागावे, पण शेपटी धरून हलवल्यावर अंग लवचिकपणे डुलावे, एवढीच अवस्था हवी.

आता मासा हातात घेऊन त्याची तयारी करायची. अंगठा पोटावर ठेवून डोक्याकडून शेपटीकडे हलके दाबत नेले की आतली घाण गुदद्वारातून बाहेर पडते. ती आत राहिली तर उन्हात पोट फुगते आणि फुटते. नंतर मासा पाठीच्या बाजूने दोन्ही हातांत धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे वाकवतात, तोवर की काट्याचे सांधे सुटल्याचे बोटांना जाणवते. हे करताना कातडी फाटू नये आणि खवले कमीत कमी गळावेत, म्हणून हात ओले असावेत. ज्या माशाचा काटा असा सैल केला नाही तो पाण्यात कांबीसारखा ओढला जातो. सैल केलेल्या माशाची शेपटी पाण्याच्या दाबाने आपोआप थरथरते. काही जण डोळेही काढून टाकतात, आणि ते क्रूर वाटले तरी त्याला कारण आहे: ओढताना एक डोळा निखळला आणि दुसरा राहिला तर डोक्याच्या दोन बाजू विषम होतात आणि मासा फिरू लागतो. शिवाय मोकळ्या खोबणीतून तार आरपार घालता येते.

मग प्रत्यक्ष बांधणी. जुनी आणि आजही शिकवली जाणारी पद्धत खिळीची आहे. गळाच्या आधीच्या जाड तुकड्याला लीडर म्हणतात. तो तारेचा असेल तर गळाच्या नेढ्याशी तारेला पीळ देताना तिचे एक टोक सुमारे सेंटिमीटरभर वर उभे ठेवतात. ही झाली खिळी. गळ कल्ल्याच्या झाकणाखालून पोटाच्या पोकळीत शिरवायचा आणि त्याचे टोक पोटाखाली, अगदी मध्यरेषेवर बाहेर काढायचे. मग ती खिळी खालच्या जबड्यातून वर, वरच्या जबड्यातून बाहेर काढायची, की तोंड मिटते आणि ओढ नाकाशी येते.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गळ कुठून बाहेर काढायचा याचे माप. आधी गळ माशाच्या बाहेरून, अंगाला लावून धरायचा. खिळी जबड्याशी जुळत असताना गळाचा बाक पोटावर जिथे येतो तिथे नखाने खूण करायची. टोक त्या खुणेच्या पुढे, डोक्याकडे निघाले तर मासा ताणला जातो, मागे निघाले तर तो आखडून वाकतो आणि नाकाऐवजी पोटच ओढले जाते. दोन्ही प्रकारांत तो फिरणारच. म्हणून जाणते लोक पोटावरचे भोक चाकूच्या टोकाने किंचित लांबट करतात, म्हणजे मासा थोडा ताणला किंवा आखडला तरी गळ त्या फटीत मागेपुढे सरकू शकतो. पतंगाच्या भाषेत सांगायचे तर कन्नी नाकाशी बांधलेली आहे. गळ हा केवळ सोबतीचा प्रवासी आहे आणि त्याने दोर ओढायचा नाही. नवशिक्यांची दहांपैकी आठ आमिषे का फिरतात, असे मला कोणी विचारले तर मी आधी पोटावरचे हे भोक पाहीन.

पुढे तांब्याची मऊ तार. ती डोळ्यांच्या खोबणीतून आरपार नेऊन डोक्याभोवती आणि कल्ल्यांच्या झाकणांवरून घट्ट वेढतात, मग खिळीभोवती फिरवत चोचीवर पुढे पुढे गुंडाळत नेतात आणि शेवटच्या वेढ्याच्या पुढची चोच चटकन मोडून टाकतात. कल्ले आणि तोंड पूर्ण मिटणे हा या वेढ्यांचा हेतू आहे. कुठे फट राहिली तर पाणी आत घुसते, पोट पिशवीसारखे फुगते आणि थोड्याच वेळात मांस धुऊन निघते. तार कमी घट्ट असली तर खिळी हलते. फार घट्ट ओढली तर मऊ जबडा कापला जातो. हा अंदाज सांगून येत नाही, पन्नास-शंभर मासे बांधल्यावर बोटांना येतो.

हनुवटीखाली शिशाची गोळी लावायची की नाही, हे आमिषाने काय करावे यावर अवलंबून आहे. गोळी नसेल तर मासा पाण्याच्या पृष्ठभागावर उड्या मारत, जीव घेऊन पळत असल्यासारखा दिसतो. साधारण ७ ते १५ ग्रॅमची गोळी लावली की नौकेच्या तळाला वजन असल्यासारखा त्याचा तोल खाली येतो, तो थोडा खोल जातो आणि सरळ पोहतो. समुद्र खवळलेला असेल तर गोळीच बरी, कारण लाटांमध्ये उड्या मारणारे आमिष अर्धा वेळ हवेतच असते.

गळाच्या आकाराने अलीकडे ही सगळी विद्या बदलून टाकली आहे. वर सांगितलेला गळ इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असतो आणि आमिषासोबत गिळला गेला तर माशाच्या घशात किंवा पोटात रुततो. मग त्या माशाला सोडून दिले तरी तो जगण्याची शक्यता घटते. वर्तुळाकार गळाचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असते, त्यामुळे तो घशातून घसरत बाहेर येतो आणि बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मार्लिन-सेलफिशच्या स्पर्धांमध्ये, आमिष नैसर्गिक असेल तर बाजूला न वाकवलेला वर्तुळाकार गळच वापरला पाहिजे, असा नियम २००८ पासून लागू आहे. हा गळ पोटात लपवता येत नाही, कारण त्याचे टोक मोकळे असेल तरच तो काम करतो. म्हणून आता आमिषाच्या डोक्यावर तारेने किंवा मेणाच्या दोऱ्याने एक लहान कडी किंवा फिरकी बांधतात आणि गळ त्या कडीत ओवतात. तो माशाच्या कपाळावर उघडा बसतो. सुरुवातीला अनेकांना हे अविश्वसनीय वाटले, इतका उघडा गळ पाहून मासा येईल कसा, पण मासे येतात. या पद्धतीचा एक आडफायदा मला फार आवडतो: ओढ आणि गळ पूर्णपणे वेगळे झाल्याने पोटावरच्या भोकाची ती जीवघेणी मोजणी उरत नाही, आणि नुसती कडी बांधलेली आमिषे आधीच डझनाने तयार ठेवून हव्या त्या लीडरवर काही सेकंदांत चढवता येतात. मात्र या गळाला हिसका चालत नाही. मासा लागल्यावर दोरी थोडी सैल सोडायची, मग रीळ सावकाश आवळत ताण येऊ द्यायचा. जोराने ओढले तर गळ तोंडातून सुटून येतो.

बॅलीहूखेरीज इतर मासेही बांधले जातात. मुलेट, म्हणजे आपल्या बोय माशाच्या कुळातला मासा, अंगाने जाड असल्यामुळे नुसता वाकवून सैल होत नाही. धारदार कडांची पोकळ नळी काट्यावरून शेपटीकडे फिरवत नेऊन अख्खा काटाच बाहेर काढतात आणि शेपटी उभी चिरतात, म्हणजे ती सुकाणूसारखी एका बाजूला ओढत नाही. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ ग्रेट बॅरियर रीफच्या कडेला, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात प्रचंड ब्लॅक मार्लिन माद्या जमतात आणि तेथे आमिषच कित्येक किलोंचे असते. जॉर्ज ब्रॅन्सफोर्ड यांनी १९६६ मध्ये तेथे १,०६४ पौंडांचा, म्हणजे ४८० किलोंहून अधिक वजनाचा, ब्लॅक मार्लिन पकडला आणि त्या बंदराचे नाव जगभर झाले. सुरमईच्या कुळातल्या एवढ्या जड माशांना तांब्याची तार पुरत नाही. तेथे लांब सुई आणि मेणाचा दोरा लागतो. तोंड, कल्ले आणि पोटाची चीर टाके घालून शिवून घेतात, आणि ते शिवणकाम पाहिले तर चांगल्या शिंप्यानेही मान डोलवावी. नियम मात्र तोच असतो: ओढ नाकावर, शिवण दोन्ही बाजूंनी सारखी.

आमिषाच्या डोक्यावर प्लास्टिकच्या झिरमिळ्यांचा झगा चढवण्याची पद्धतही रूढ आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या बोटींवर आयलँडर नावाचा निळा-पांढरा झगा आणि त्यामागे बॅलीहू ही जोडी फार लोकप्रिय आहे. झगा डोक्यावर येणारा पाण्याचा मारा झेलतो, त्यामुळे मासा जास्त टिकतो आणि बोट ताशी ६ ते ८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ११ ते १५ किलोमीटर वेगाने नेता येते. उघडा बॅलीहू ४ ते ६ मैलांच्या वर नेला तर लवकर झिजतो. वाहू नावाच्या कात्रीसारख्या दातांच्या माशासाठी लीडर तारेचाच हवा. मार्लिन आणि सेलफिशसाठी नायलॉनचा पुरतो आणि पाण्यात कमी दिसतो.

बांधलेली आमिषे ट्रेमध्ये एकाच दिशेने तोंडे करून, ओल्या कापडाखाली, बर्फावर ठेवतात; वितळणारे गोडे पाणी त्यांना लागू नये म्हणून मध्ये प्लास्टिक असते. आमिष सोडताना ते थेट मागे टाकत नाहीत. मदतनीस लीडर हातात धरून मासा बोटीच्या कडेला, स्वच्छ पाण्यात, काही सेकंद ओढून पाहतो. तो सरळ गेला, शेपटी थरथरली तर दोरी सोडली जाते. फिरला तर कल्ल्यांचे वेढे आणि गळाचे भोक तपासून एकदाच दुरुस्ती होते, आणि तरीही फिरला तर तो मासा सरळ कापून फेकला जातो आणि ट्रेमधून दुसरा उचलला जातो. सोडलेल्या आमिषांनाही ठराविक वेळाने ओढून पाहावे लागते, कारण तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळाचा एक धागा जरी गळावर अडकला तरी उत्तम बांधलेला मासा वाकडा चालू लागतो, आणि दुपारपर्यंत पोट पांढरे पडून धुऊन निघालेली आमिषे बदलायला पहाटेच्या त्या तीस-चाळीस माशांतले बहुतेक लागतातच.